डर्बनचा प्रश्न कोणत्या विभागाचा?

गेल्या पावसाळ्यात आमच्या विहारातल्या अभ्यासवर्गातली एक मुलगी पीएच.डी.च्या संशोधन समितीसमोर उभी राहिली. वडील नगरपालिकेत सफाई कामगार, आई चार घरची धुणीभांडी करते. मुलगी राज्यशास्त्रात एम.ए., नेट उत्तीर्ण, विद्यापीठाची पेट परीक्षाही पहिल्याच फेरीत पास. तिने विषय मांडला होता : संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर जातीच्या प्रश्नाबाबत भारत सरकारने घेतलेली भूमिका. सहा महिने राबून आराखडा तयार केला होता. समितीतल्या एका ज्येष्ठांनी दोन पाने चाळली आणि म्हणाले, "बाई, आंतरराष्ट्रीय संबंधांत राज्य असतं, सत्ता असते, सुरक्षा असते. जात नसते. हा विषय समाजशास्त्राचा आहे."

मुलगी समाजशास्त्र विभागात गेली. तिथे उत्तर मिळाले, "संयुक्त राष्ट्रे, करार, परराष्ट्र मंत्रालय... हा तर राज्यशास्त्राचा विषय झाला!"

एका इमारतीच्या दोन मजल्यांमध्ये त्या मुलीला चेंडूसारखे फेकले गेले. आम्ही स्वतः समाजशास्त्र शिकलो आहोत, म्हणून त्या दुसऱ्या उत्तराची आम्हाला जास्त लाज वाटली. शेवटी तिला सुचवण्यात आले की शेजारी राष्ट्रांशी व्यापारी संबंध असा काही "सुटसुटीत" विषय घ्या, लगेच मंजूर करू. विद्यापीठाचे नाव आम्ही घेत नाही, कारण नाव घेतले की प्रश्न त्या एका विभागाचा होतो. हा प्रश्न एका विभागाचा नाही. आमचे अनेक विद्यार्थी वेगवेगळ्या गावांतून हाच अनुभव सांगतात.

म्हणून आज हा लेख. राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध या विभागांत प्राध्यापक मंडळी कशावर संशोधन करतात, कशावर करत नाहीत, आणि जे करत नाहीत त्याची किंमत कोण मोजतो, हे एकदा स्पष्टपणे बोलले पाहिजे.

'जात आंतरराष्ट्रीय विषय नाही', असे कोण म्हणते?

आधी इतिहास पाहू. १९४६ साली संयुक्त राष्ट्रांची स्थापना होऊन जेमतेम वर्ष झाले होते. भारताने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तक्रार केली की तिथल्या भारतीयांना वंशाच्या नावाखाली भेदभावाची वागणूक दिली जाते. भारतीय शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित होत्या. दक्षिण आफ्रिकेने बचाव काय केला? हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, संयुक्त राष्ट्रांच्या सनदेनुसार तुम्हाला त्यात नाक खुपसता येणार नाही. आमसभेने हा बचाव मानला नाही. ८ डिसेंबर १९४६ रोजी भारताच्या बाजूने ठराव झाला. माणसाला माणूस म्हणून वागवण्याचा प्रश्न कोणत्याही देशाचा खासगी मामला नसतो, हे तत्त्व जगाच्या व्यासपीठावर मांडून घेण्याचे श्रेय भारताला जाते. आम्ही ते मोकळ्या मनाने देतो.

आता ५५ वर्षे पुढे या. ऑगस्ट-सप्टेंबर २००१. वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली होती त्याच दक्षिण आफ्रिकेत, डर्बन शहरात. भारतातले दलित कार्यकर्ते तिथे पोहोचले होते. त्यांची मागणी एवढीच होती की जन्मावर आणि कामावर आधारित भेदभावाची नोंद परिषदेच्या जाहीरनाम्यात व्हावी. भारत सरकारने विरोध केला. कारण काय दिले? जात म्हणजे वंश नव्हे, आणि हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे. अंतिम जाहीरनाम्यात जात हा शब्द आला नाही.

१९४६ मध्ये गोऱ्या सरकारच्या तोंडी जे वाक्य होते, तेच २००१ मध्ये आमच्या सरकारच्या तोंडी आले. यापेक्षा मोठा विषय परराष्ट्र धोरणाच्या अभ्यासकाला कोणता हवा? एखादे राष्ट्र आपलीच भूमिका अर्ध्या शतकात उलटी कशी करते, कोणत्या वर्गाच्या हितासाठी करते, मंत्रालयात ती टिपणे कोण लिहितो, हे सगळे राज्यशास्त्रच आहे. आणि तरीही आमच्या मुलीला सांगितले जाते की आंतरराष्ट्रीय संबंधांत जात नसते!

'जात म्हणजे वंश नव्हे' : अर्धे खरे, पूर्ण फसवे

डर्बनच्या वर्षी समाजशास्त्रातले नामवंत प्राध्यापक आंद्रे बेते यांनीही इंग्रजी दैनिकात लिहून जातीला वंशाच्या चौकटीत बसवण्यास विरोध केला होता. आपल्यातले काही तरुण यावर नुसते संतापतात. संतापून भागणार नाही, उत्तर द्यावे लागेल. आणि उत्तर देताना हे लक्षात ठेवा की जात म्हणजे वंश हा सिद्धांत बाबासाहेबांनीच नाकारला होता. १९३६ च्या 'जातिनिर्मूलन'मध्ये, १९४६ च्या शूद्रांवरील ग्रंथात आणि १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी वंशसिद्धांताची चिरफाड केली आहे. तेव्हा 'जात हा वंशच आहे' असे ओरडत आपण व्यासपीठावर गेलो तर विरोधक आपल्यालाच बाबासाहेब वाचून दाखवतील.

मग आपला मुद्दा कशावर उभा आहे? तो कराराच्या शब्दावर उभा आहे. वंशभेद निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार २१ डिसेंबर १९६५ रोजी मंजूर झाला. त्याच्या पहिल्या कलमात भेदभावाचे आधार दिले आहेत : वंश, वर्ण, कूळ, राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ. यातला 'कूळ', म्हणजे जन्माने मिळणारी वंशावळ, हा शब्द करारात आला तो भारताने सुचवलेल्या दुरुस्तीमुळे. भारताने १९६८ मध्ये करारावर शिक्कामोर्तबही केले. कराराची अंमलबजावणी पाहणाऱ्या समितीने १९९६ मध्ये भारताच्या अहवालावर मत देताना सांगितले की 'कूळ' या शब्दात जातीचा भेदभाव येतो. २००२ मध्ये याच समितीने २९ वी सर्वसाधारण शिफारस काढून तेच अधिक स्पष्ट केले. म्हणजे जात आणि वंश एकच आहेत की नाहीत, हा वाद इथे मुळातच गैरलागू आहे. जन्माच्या आधारावर भेदभाव होतो की नाही, एवढाच प्रश्न आहे. त्याचे उत्तर गावच्या पाणवठ्यावर आणि स्मशानभूमीच्या वाटेवर कुणालाही मिळेल.

पुढचे ऐका. २७ डिसेंबर २००६ रोजी दिल्लीतल्या एका परिषदेत पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी अस्पृश्यतेची तुलना दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाशी केली. देशाच्या पंतप्रधानाने असे बोलणे ही मोठी घटना होती. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २००७ च्या फेब्रुवारीत, जिनिव्हात याच समितीसमोर भारताचे शिष्टमंडळ बसले आणि जात या कराराच्या कक्षेत येत नाही, ही जुनीच भूमिका पुन्हा मांडून आले. दिल्लीत एक आणि जिनिव्हात दुसरे! या दोन महिन्यांत काय घडले? निर्णय कुठे झाला? संसदेत कुणी विचारले का? आमच्या विद्यापीठांतल्या किती प्रबंधांनी याचा शोध घेतला? मराठीत यावर एक धड पुस्तक तरी आमच्या तरुणाच्या हातात पडते का? आम्ही शोधले. आम्हाला सापडले नाही.

जग पुढे गेले, अभ्यासक्रम तिथेच

कुणी म्हणेल, डर्बन जुने झाले. ठीक आहे, नवे घ्या. २०१० च्या ब्रिटनच्या समता कायद्यात जातीचा समावेश करण्याची तरतूद ठेवली गेली, २०१३ मध्ये ते सरकारवर बंधनकारक केले गेले, आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारने आपण तसे करणार नाही असे जाहीर केले. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठाने भेदभावविरोधी धोरणात जात आणली. २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या यंत्रणेने सिस्को कंपनीवर जातीय भेदभावाचा खटला भरला. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिअ‍ॅटलच्या नगर परिषदेने जातीय भेदभावावर बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने जातीचा उल्लेख असलेले विधेयक मंजूर केले आणि ऑक्टोबरमध्ये राज्यपाल न्यूसम यांनी ते परत पाठवले.

ब्रिटनमध्ये पाऊल मागे का गेले? कॅलिफोर्नियात विधेयक मंजूर होऊनही का अडले? कोणत्या संघटनांनी दबाव आणला, कोणत्या निवडणुकीचे गणित होते, परदेशस्थ सवर्णांचे राजकारण कसे चालते? आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या विद्यार्थ्यासाठी हा खजिना आहे. पण आमच्याकडच्या अनेक विभागांत 'अनिवासी भारतीय' म्हटले की अजून परकीय चलन आणि सांस्कृतिक सत्ता एवढेच शिकवतात. विमानात बसून जात परदेशी गेली, पण आमच्या विभागांच्या लेखी तिला पासपोर्टच मिळालेला नाही.

बाबासाहेब राज्यघटनेच्या तासाला, परराष्ट्र धोरणाच्या तासाला नाहीत

एम.ए.च्या अभ्यासक्रमात बाबासाहेब कुठे भेटतात? 'आधुनिक भारतीय राजकीय विचारवंत' या पेपरात, एका घटकात. तिथून घटनेच्या पेपरात. संपले. परराष्ट्र धोरणाच्या पेपरात नेहरू असतात, अलिप्ततावाद असतो, पंचशील असते. बाबासाहेब नसतात.

का नसतात? त्यांना या विषयावर म्हणायचे नव्हते म्हणून? ऑक्टोबर १९५१ मध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडताना त्यांनी जे निवेदन दिले, त्यात हिंदू कोड बिल आहे, मागासवर्गीयांच्या उपेक्षेचा मुद्दा आहे, आणि परराष्ट्र धोरणावरचा मतभेदही आहे. साडेतीनशे कोटींच्या वार्षिक महसुलातले सुमारे एकशे ऐंशी कोटी रुपये सैन्यावर खर्च होतात आणि याचे मूळ आपल्या परराष्ट्र धोरणात आहे, असे त्यांनी आकडे देऊन सांगितले. म्हणजे गरिबाच्या पोटाचा आणि परराष्ट्र धोरणाचा संबंध त्यांनी थेट जोडला. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत त्यांनी पंचशील करारावर टीका केली. चीनच्या राज्यकर्त्यांना पंचशीलाची चाड असती तर त्यांनी आपल्या देशातल्या बौद्धांना वेगळी वागणूक दिली असती, असा त्यांचा रोख होता. आठ वर्षांनी, १९६२ मध्ये, काय झाले ते सर्वांना माहीत आहे.

त्यांचे प्रत्येक मत आजही बरोबरच ठरते, असा आमचा दावा नाही. बाबासाहेबांना देव करून आम्हाला त्यांची पूजा करायची नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की ज्या माणसाने फाळणीवर १९४० मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तीन गोलमेज परिषदांत भाग घेतला, १९४६ मध्ये अमेरिकेतल्या डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली, त्याला परराष्ट्र धोरणाच्या पेपरातून वगळणे ही विसरभोळेपणाची गोष्ट नाही. ड्यू बॉइस यांना लिहिलेल्या त्या पत्रातच दिसते की अस्पृश्यांचा प्रश्न जगापुढे नेण्याचा विचार डर्बनच्या पंचावन्न वर्षे आधी बाबासाहेबांच्या मनात होता. समितीतल्या त्या ज्येष्ठांना हे माहीत नव्हते का? माहीत नसेल तर ते त्या खुर्चीला लायक नाहीत. माहीत असेल तर प्रश्न आणखी गंभीर आहे.

खुर्चीत कोण बसले आहे?

संशोधनाचे विषय आकाशातून पडत नाहीत. जो खुर्चीत बसतो तो ठरवतो की कोणता प्रश्न 'शास्त्रीय' आणि कोणता 'भावनिक'. गोपाळ गुरू हे स्वतः राज्यशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी २००२ मध्येच प्रश्न विचारला होता की भारतातली समाजशास्त्रे किती समतावादी आहेत? सिद्धांत मांडायचा मक्ता काहींकडे आणि माहिती गोळा करायची हमाली इतरांकडे, ही वाटणी त्यांनी उघड केली. आपल्या मुलांना आजही प्रश्नावली घेऊन वस्तीत पाठवले जाते. आकडे त्यांनी आणायचे, निष्कर्ष दुसऱ्याने काढायचा.

खुर्चीचे गणित कसे जमवले जाते, ते १३ बिंदू रोस्टरने दाखवून दिले. ५ मार्च २०१८ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने आदेश काढला की आरक्षण मोजताना विद्यापीठ हा घटक न धरता प्रत्येक विभाग हा घटक धरावा. कागदावर किती निरुपद्रवी दिसते! आता हिशेब करा. या रोस्टरमध्ये चौथी जागा ओबीसींची, सातवी अनुसूचित जातीची आणि चौदावी अनुसूचित जमातीची. आंतरराष्ट्रीय संबंधांचा विभाग केवढा असतो? पाच-सहा प्राध्यापकांचा. म्हणजे सहा जणांच्या विभागात अनुसूचित जातीची जागा कधीच येणार नाही, आणि आदिवासी प्राध्यापक दिसायला विभाग चौदा जणांचा व्हावा लागेल. आरक्षण रद्द न करता आरक्षण संपवण्याची ही युक्ती होती. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही दाद मिळाली नाही. मग रस्त्यावर यावे लागले, ५ मार्च २०१९ ला भारत बंद झाला, दोन दिवसांत अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. केंद्रीय संस्थांत विद्यापीठ हाच घटक पुन्हा मानला गेला. रस्त्यावरच्या लढाईने संशोधनाच्या खोलीचे दार उघडले, हे विसरू नका.

पण दार उघडले म्हणून खुर्ची मिळाली असे नाही. आता 'योग्य उमेदवार मिळाला नाही' असा शेरा मारून राखीव जागा रिकाम्या ठेवल्या जातात. आणि महाराष्ट्रात तर तासिका तत्त्वाचा खेळ चालू आहे. नेट, सेट, पीएच.डी. झालेला आमचा माणूस दोन-तीन महाविद्यालयांत तासावर पैसे घेऊन शिकवतो. उन्हाळ्यात पगार नाही. त्याला कायम शिक्षक मानत नाहीत, म्हणून तो पीएच.डी.चा मार्गदर्शक होऊ शकत नाही. आयोगाच्या नियमाने प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. तासिकावाल्याला शून्य. मग डर्बनवर मार्गदर्शन करायला तयार असणारा माणूस विभागाच्या बाहेर आणि 'जात नसते' म्हणणारा विभागाच्या आत, हे चित्र आपोआप तयार होते. ते तसे राहावे अशी व्यवस्था केलेली आहे.

परदेशी जाऊन अभ्यास करा, पण जातीवर नको

इथे जागा नाही तर बाहेर जावे म्हटले, तर तिथेही कुंपण. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना परदेशी पाठवणारी राष्ट्रीय शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने तिच्या नियमांत बदल केला. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास या विषयांसाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही! समर्थन असे की या विषयांची साधने आणि तज्ज्ञ देशातच आहेत.

विचार करा. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी भीमराव नावाच्या तरुणाला अशी अट घातली असती तर? १९१५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि वित्तव्यवस्थेवर त्यांनी कोलंबिया विद्यापीठात प्रबंध लिहिला. १९१६ च्या मे महिन्यात तिथल्याच चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचला. दोन्ही विषय आजच्या नियमात बाद! एका संस्थानिकाने जे स्वातंत्र्य दिले, ते प्रजासत्ताकाचे सामाजिक न्याय खाते काढून घेते.

आणि तज्ज्ञ देशातच आहेत म्हणता? मग आमच्या मुलीला ते दाखवा. एका मजल्यावर 'वर जा' म्हणतात, दुसऱ्या मजल्यावर 'खाली जा' म्हणतात. दिल्ली सांगते गल्लीत शिका, गल्ली सांगते आमच्याकडे हा विषय नाही. एलिनॉर झेलियट यांनी महार चळवळीवर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रबंध लिहिला, गेल ऑम्व्हेट यांनी ब्राह्मणेतर चळवळीवर बर्कलीत. त्या दोघींचे ऋण आम्ही मानतो. पण आमच्या चळवळीचा इतिहास परदेशी विद्यापीठात लिहिला जाऊ शकतो आणि आमचेच लेकरू तिथे तोच विषय घेऊन शिष्यवृत्तीवर जाऊ शकत नाही, याला न्याय म्हणायचे का?

डिसेंबर २०२३ च्या नागपूर अधिवेशनात संशोधक विद्यार्थ्यांच्या अधिछात्रवृत्तीचा विषय निघाला तेव्हा तत्कालीन एका उपमुख्यमंत्र्यांनी पीएच.डी. करून काय दिवे लावणार, असा सवाल केला होता. ती नुसती जीभ घसरली असे आम्हाला वाटत नाही. गोरगरिबांच्या मुलांनी संशोधन करणे हीच उधळपट्टी आहे, ही भावना वरपासून खालपर्यंत मुरलेली आहे. २०१५ मध्ये हैदराबादला रोहित वेमुलाची अधिछात्रवृत्ती थांबली होती. १७ जानेवारी २०१६ ला काय झाले, ते आम्ही विसरलेलो नाही.

आता आपल्या घरात बघू

इथपर्यंत वाचून टाळ्या वाजवणाऱ्या मित्रांनो, जरा थांबा. सगळा दोष त्यांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही.

प्राध्यापकांतही सगळे एका माळेचे मणी नाहीत. भास्कर लक्ष्मण भोळे, रावसाहेब कसबे, य. दि. फडके यांच्यासारख्या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी महाराष्ट्राला विचार करायला शिकवले. मतभेद असतील तिथे करू, पण त्यांनी फुले-आंबेडकरांना अभ्यासाच्या टेबलावर आणले हे नाकारणे कृतघ्नपणा होईल. आजही काही विभागांत पोटतिडकीने शिकवणारे शिक्षक आहेत. त्यांच्याशी नाते जोडायचे की त्यांनाही शत्रू ठरवायचे, हे ठरवा.

दुसरे, आपलेच संशोधन पाहा. 'डॉ. आंबेडकरांचे शेतीविषयक विचार : एक अभ्यास', 'डॉ. आंबेडकरांचे स्त्रीविषयक विचार : एक चिकित्सक अभ्यास', 'एक विश्लेषणात्मक अभ्यास'... अशा मथळ्यांचे प्रबंध ग्रंथालयात धूळ खात पडले आहेत. एकातून दुसऱ्यात उतारे गेले आहेत. २०१० पासून बढतीसाठी गुण मोजण्याची पद्धत आली आणि पैसे भरून निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले. त्यावर उपाय म्हणून आयोगाने मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी आणली आणि २०२५ मध्ये तीही गुंडाळली. या बाजारात आपले प्राध्यापकही गिऱ्हाईक झाले, हे कबूल करायला हवे. आरक्षणाने खुर्ची मिळाल्यावर वस्तीचा रस्ता विसरलेले, चौदा एप्रिलला कोट घालून भाषण ठोकणारे आणि आपल्याच समाजाच्या मुलाकडून गॅसचे नळकांडे उचलून आणून घेणारे मार्गदर्शक आम्ही पाहिले आहेत. त्यांना जाब विचारला नाही तर वरच्यांना विचारण्याचा नैतिक अधिकार आपल्याकडे राहत नाही.

आणि एक आक्षेप आपल्यातूनही येतो : जातीचा प्रश्न परदेशात नेला की देशाची बदनामी होते. घरचे भांडण चव्हाट्यावर कशाला? आमचे उत्तर साधे आहे. बदनामी अत्याचार सांगितल्याने होत नाही, अत्याचार केल्याने होते. १९४६ मध्ये आफ्रिकेतल्या भारतीयांचे दुःख जगापुढे मांडले ते देशप्रेम आणि २००१ मध्ये भारतातल्या भारतीयांचे दुःख मांडले तो देशद्रोह, हे गणित आम्हाला पटत नाही. शिवाय, संशोधन म्हणजे तक्रारअर्ज नव्हे. सरकारची भूमिका चुकीची होती असे सिद्ध करायचे असेल तर आधी ती भूमिका पूर्ण वाचावी लागते, तिच्यातले जे पटण्यासारखे आहे ते मान्य करावे लागते. आमच्या मुलीला नेमके हेच करायचे होते. तिला घोषणा द्यायची असती तर ती मोर्चात आली असती. विद्यापीठात जाऊन तिने परवानगी मागितली नसती.

मग करायचे काय?

रडून आणि समाजमाध्यमांवर लिहून थांबायचे नाही. आमच्या अभ्यासवर्गाने चार कामे ठरवली आहेत. ती कोणत्याही गावात करता येतील.

पहिले, माहितीचा अधिकार वापरा. आपापल्या विद्यापीठाच्या राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध विभागाकडे अर्ज करा. गेल्या दहा वर्षांत मंजूर झालेले पीएच.डी.चे विषय, नाकारलेले विषय आणि नाकारण्याची कारणे, मंजूर पदे, भरलेली पदे, राखीव जागांवर 'योग्य उमेदवार नाही' असा शेरा किती वेळा पडला, हे सगळे मागा. हवेत बोलणे बंद करा, कागद हातात घ्या.

दुसरे, नकार लेखी मागा. 'हा आमचा विषय नाही' हे तोंडी सांगणे सोपे असते. सही करून लिहून द्यायला लावले की निम्म्या अडचणी तिथेच संपतात. आमच्या मुलीने लेखी कारण मागितले तेव्हा समितीचा सूर बराच खाली आला, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे.

तिसरे, मूळ कागद वाचा. वंशभेद निर्मूलन करार, समितीच्या १९९६ आणि २००७ च्या टिपण्या, २९ वी शिफारस हे सगळे खुले आहे. विहारात रविवारी दोन तास बसून एकेक कलम मराठीत आणता येईल. बाबासाहेबांचे १९५१ चे निवेदन आणि १९५४ चे राज्यसभेतले भाषण महाराष्ट्र शासनाने छापलेल्या खंडांत आहे. जयंतीच्या डीजेला जेवढा खर्च होतो त्याच्या विसाव्या भागात या सगळ्याची पुस्तिका छापून होईल.

चौथे, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या लढ्याशी स्वतःला जोडून घ्या. तो फक्त पगाराचा लढा नाही. उद्या आमच्या लेकरांच्या विषयावर सही कोण करणार, याचा तो लढा आहे.

ती मुलगी काय करते आहे, असे तुम्ही विचाराल. 'सुटसुटीत' विषय तिने घेतला नाही. घरून दबाव होता, नोंदणीचे वर्ष वाया जाण्याची भीती होती, अधिछात्रवृत्तीचे वयही निघून चालले आहे. तरी तिने घेतला नाही. या वेळी आराखड्याच्या पहिल्याच पानावर तिने १९४६ चा तो ठराव टाकला आहे आणि त्याच्या खाली १९५१ चे बाबासाहेबांचे निवेदन. समितीसमोर ती पुन्हा उभी राहणार आहे. त्या दिवशी दाराबाहेर आम्ही असू. घोषणा देणार नाही. बाहेर आल्यावर तिच्या हातात मंजुरीचा कागद आहे की नकाराचा, तेवढे पाहू. कागद नकाराचा असला तर त्यावर सही कुणाची आहे, तेही पाहू.

जय भीम!